सूतगिरणीतली कॉम्प्युटर लॅब

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या आतेबहिणीवर, अंजनावर, खरोखर बेतलेलं आहे. ती थापा मारणाऱ्यातली नाही.

साल २०१६. बीड जिल्ह्यात तो भयानक दुष्काळ पडला, तेव्हाचा एप्रिल. तेलगावच्या बाजूला एक सहकारी सूतगिरणी कधीचीच बंद पडली होती. तिच्याच इमारतीत कॉलेज भरायचं, आणि कापसाच्या गोदामात कॉम्प्युटर लॅब. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना पत्रे ठोकलेले. उजेड यायचा तो छतातल्या एका काचेतून.

अंजना पहिल्या वर्षाला होती. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. 'संगणक ओळख' हा कोर्स पास झाली तर दूध संघात टायपिंगचं काम मिळणार होतं. नाहीतर पुढच्या हंगामात तिच्याही हातात कोयता.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. म्हणून ती भर दुपारी सराव करत बसली. टँकर आला तशा बाकीच्या पोरी कॅन घेऊन पळाल्या.

आणि लाईट गेली.

पंखे थांबले. स्क्रीन काळ्या झाल्या.

मागच्या रांगेतून आवाज आला...

टक... टक... टक...

कुणीतरी टाईप करत होतं. शिकाऊ हातानं, एकेक अक्षर हुडकत.

"सत्यभामे, गप की गं. पुरे झाली चेष्टा."

तिची मैत्रीण असेल, असं तिला वाटलं.

टक... टक...

तिनं वळून पाहिलं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

ती दाराकडं धावली. ओढलं. दार हललंसुद्धा नाही.

"बंकटमामा! दार उघडा ओ!" तिनं शिपायाला हाका मारल्या.

बाहेर पावलं वाजली. सत्यभामा बाहेर होती.

"अंजे, आतून कडी कावून लावलीस?"

"आतून कडीच न्हाई गं!"

"बाहीरून पण काईच लावलेलं न्हाई! बंकटमामा, या ना लवकर!"

दारावर धडका बसू लागल्या.

आत मात्र तो आवाज पुढच्या रांगेत आला होता...

अंजना दाराला पाठ लावून उभी. अगदी समोरच्या टेबलावर किबोर्ड. वरून काचेतला उजेड.

तिच्या डोळ्यांदेखत एक बटण खाली गेलं.

पी...

मग ए... मग एन... मग आय...

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय त्या पोरींना होतीच. तिला लगेच वाचता आलं.

पाणी.

परत तेच. पाणी. आता भराभर. बटणं आपटल्यासारखी वाजत होती.

तिच्या पिशवीत बाटली होती. तिनं झाकण काढलं, बाटली किबोर्डजवळ ठेवली आणि डोळे घट्ट मिटले.

घटाघटा प्यायल्याचा आवाज आला...

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि ती बाहेर पळाली. वळून पाहिलं,

बाटली जागच्या जागी उभी होती. रिकामी. टेबल कोरडं, फरशी कोरडी.

"उन्हानं चक्कर आली असंल, पोरी," शिकवणारे केकाण सर म्हणाले.

"सर, मला उद्या दुसऱ्या खोलीत बसवा."

"दुसरीकडं कॉम्प्युटर हायत कुठं?"

काय करणार? दुसऱ्या दिवशी ती त्याच लॅबमध्ये बसली. दार मिटू नये म्हणून विटा लावून ठेवल्या होत्या. तिनं मान वर न करता पेपर सोडवला.

वेळ संपली. सर म्हणाले, "थांबा. हात वर करा सगळ्यांनी."

सगळ्यांचे हात वर गेले.

टक... टक... टक...

"थांबा म्हणलं ना! मागं कोण हाय ते?"

चिडून सर शेवटच्या, रिकाम्या रांगेपर्यंत गेले. तिथं खाली वाकून पाहिलं, आणि तडक बाहेर निघून गेले.

अंजना पास झाली. दूध संघात लागलीही.

सरांनी काय पाहिलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. ती लॅब मात्र अजून चालू आहे. पोरी अजून तिथंच शिकतात...