चष्मेवालीने तपासलेला अमेरिकेचा इतिहास

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," चष्मेवाली म्हणाली. "पुस्तक वाईट आहे."

खुर्चीतला माणूस गोंधळला. उंचापुरा, उन्हाने रापलेला, गळ्यातली शिट्टी काढायचीसुद्धा राहून गेलेली. मांडीवर विटेएवढं जाड पुस्तक. तक्रार एकच – चार ओळी वाचल्या की कपाळ ठणकतं. तिने अर्धा तास अक्षरांचे तक्ते दाखवले, भिंगं बदलून पाहिली, दिवा मारून बुबुळं तपासली. दोष सापडेल तर शपथ! शेवटी तिने त्याला त्याचंच पुस्तक वाचायला लावलं आणि समोर बसून त्याच्या पापण्या मोजल्या.

"मिनिटाला एकतीस वेळा मिटल्यात. वाचण्यात जीव रमला की माणूस पापणी मिटायला विसरतो, दहाच्या आत येतो. तुमचे डोळे तर सुटका मागत होते हो!"

"मग... औषध?"

"दुसरं पुस्तक."

बाहेर काउंटरवर फ्रेमा पुसत बसलेल्या मावशीने कपाळावर हात मारून घेतला. दुकान मावशीचं, आतली तपासणीची खोली भाचीची. "गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवायचा सोडून ही पुस्तकं लिहून देतेय," मावशी आरशाला म्हणाली.

पण त्या माणसाने ते मनावर घेतलं. तो शाळेत कवायत शिकवायचा आणि कवायतीची जागाच रद्द झाली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी एकच वाट ठेवलेली. इतिहासाच्या बाई नोकरी सोडून गेल्यात, तर नववीला अमेरिकेचा इतिहास शिकवून दाखवा. तीन आठवड्यांनी त्या स्वतः मागच्या बाकावर बसून तास ऐकणार. जमलं तर कायम. नाही तर आठ तासांवरच्या गावी, थोरल्या भावाच्या गोदामात पोती मोजायची.

"मला पोरांत राहायला आवडतं," तो शिट्टीशी चाळा करत म्हणाला. "पण हे सगळं... सनावळ्या, करार, कलमं... मलाच झोप येते. त्यांना काय जागं ठेवणार?"

चष्मेवालीचं आणि इतिहासाचं शाळेपासून वाकडं. तरी ती म्हणून गेली, "रविवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊ या. तुम्ही वाचा, मी मोजते."

म्हटल्यावर तिची तिलाच गंमत वाटली. असं ती कुठल्याच गिऱ्हाइकाला म्हणाली नव्हती.

रविवारी बाहेर झिमझिम चालू होती आणि दुकानात ओल्या कागदाचा वास भरला होता. अमेरिकेचा इतिहास पार मागे, जिन्याखाली, छतापर्यंत रचलेला. ती स्टुलावर बसली. तो उभ्याने एकेक पुस्तक उघडून मधलं पान वाचायला लागला.

"असं एकटक बघू नका हो. वाचता येत नाही मला."

"मी पापण्या बघतेय."

"त्या माझ्याच आहेत ना?"

"घ्या! चुकवलंत ना मला? आता पुन्हा पहिल्यापासून वाचा."

राष्ट्राध्यक्षांचं एक भलंमोठं चरित्र – सव्वीस. नकाशांनी भरलेलं युद्धाचं पुस्तक – तेहेतीस, वर दोन जांभया. जांभया वेगळ्या धरायच्या की त्यातच, यावर दोघांचं थोडं भांडण झालं. मग घोड्यावरून टपाल नेणाऱ्या पोरसवदा स्वारांचं एक बारकं पुस्तक निघालं. त्याला चौदा.

"हे बरं दिसतंय," ती म्हणाली. "बाजूला ठेवा."

दुकानदार आजोबा जिन्यावरून वाकले. "ताई, विकत घेणार आहात की एकमेकांकडे नुसतं बघतच बसणार?"

दोघांनी एकदम दोन वेगळ्या भिंतींकडे पाहिलं.

बैलगाड्यांच्या तांड्यातून अर्धा देश ओलांडून गेलेल्या एका बाईची रोजनिशी – नऊ. आणि मग त्याच्या हातात एक फाटक्या पाठीचं पुस्तक आलं, न्यूयॉर्कच्या एका झुलत्या पुलाचं. तो वाचायला लागला आणि त्याचा आवाज हळूहळू बसत गेला. मग ओठच हलायचे थांबले.

"सर?... अहो सर!"

त्याला ऐकूच गेलं नाही. चार. मिनिटाला फक्त चार! रोज वीस-वीस जोड्या डोळे ती यंत्रातून बघायची. लाली, मोतीबिंदू, कोरडेपणा, सगळं तिला पाठ होतं. पण कुणाचे डोळे इतके भरून आलेले, इतके लहान मुलासारखे झालेले तिने पाहिले नव्हते. तो तिला आवडला. तिथेच, जिन्याखाली, त्या धुळीत. आणि लगेच लक्षात आलं, तीन आठवड्यांतला एक तर संपलाच होता.

"हे आधी तुम्ही वाचा," तो पुस्तक तिच्या हातात देत म्हणाला. "मला सांगता येणार नाही."

सोमवारी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिने ते उघडलं. तिसऱ्या गिऱ्हाइकाला मावशीने चहा पाजून थोपवून धरलं, चौथ्याला उद्या या म्हणून सांगितलं.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीच्या तळाशी, पाण्याखालच्या कोठडीत पुलाचा पाया खणताना मुख्य इंजिनिअर आजारी पडला, तो असा की त्याने अंथरूण धरलं. पूल अर्धवट. मग त्याची बायको उभी राहिली. गणित शिकली, पोलादाची ताकद शिकली, तारांचे दोर कसे वळतात ते शिकली. तो खिडकीतून दुर्बिणीने काम बघायचा, ही त्याचा निरोप कामावर न्यायची आणि तिथली अडचण घरी आणायची. एक-दोन महिने नाही, अकरा वर्षं! पुरुष इंजिनिअर तिला प्रश्न विचारायचे आणि ती उत्तरं द्यायची. पूल झाल्यावर त्यावरून पहिली गाडी तिची गेली. म्हणतात, विजयाची खूण म्हणून तिने मांडीवर कोंबडा घेतला होता.

चष्मेवालीच्या अंगावर काटा आला. आपल्या खोलीबाहेर एवढं थोर काही घडून गेलंय, तेही कुणा बाईच्या हातून, आणि आपल्याला पत्ताच नाही! तिने उठून मावशीला सगळं सांगितलं.

"कोंबडा?" मावशीने विचारलं. "जिवंत?"

"जिवंत!"

"बाई गं..." मावशीने हातातली फ्रेम खाली ठेवली.

त्यानंतर मास्तर रोज शाळा सुटली की दुकानात यायचे आणि तपासणीच्या खुर्चीपुढे उभं राहून पूल बांधायचे. सुरुवातीला नुसता गोंधळ. "सन सांगू नका आधी," ती म्हणायची. "आधी खिडकी दाखवा." मग तो खिडकी दाखवायचा, नदी दाखवायचा, हातांनी दोर ताणायचा. ताणता ताणता एकदा भिंगांची पेटी पाडली. दोघं खाली बसून भिंगं वेचत होते तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघांनीही... जरा उशिराच हात काढून घेतले.

"गेलात तर आठवण येईल," ती भिंगांकडे बघत म्हणाली. "मावशीला."

"मावशींनाच?"

"मावशीला जास्त."

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तास होता. सकाळपासून चष्मेवालीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एका आजोबांना तिने उजव्या डोळ्याचं भिंग डाव्याला लावलं. चार वाजता दार उघडलं आणि मास्तर आत आले. तोंड पाडून. गळ्यात शिट्टीही नव्हती.

"नाही जमलं?"

"एका पोरीने प्रश्न विचारला. मला उत्तरच देता आलं नाही. सगळ्या वर्गासमोर, बाईंसमोर."

"एका प्रश्नावरून काढलं तुम्हाला? डोकं फिरलंय का तुमच्या बाईंचं?" तिचा आवाज चढला. "बरं झालं! जा भावाकडे. मीही येते. तिथल्या लोकांना काय डोळे नसतात? दुकान टाकेन तिथे. पोती मोजून आलात की रोज एक पान वाचून दाखवायचं मला. बास! तुमच्याशिवाय आता इथे माझं मन लागायचं नाही."

मावशी फ्रेमांच्या कपाटाआड दिसेनाशी झाली.

"पण... काढलं कुणी?" तो चाचरत म्हणाला. "कायम केलंय मला. घंटा झाली तरी एक पोर उठलं नाही. बाई म्हणाल्या, उद्यापासून इतिहास तुमचा."

"आणि मग तोंड का पाडलंत, मेल्या?"

एवढं बोलून चष्मेवाली आतल्या खोलीत पळाली आणि तिने दार लोटून घेतलं. लाजेने कान तापले होते. त्याची पावलं दारापाशी येऊन थांबली.

"प्रश्न तरी ऐकाल?"

"...बोला."

"पोरगी म्हणाली, सर, अकरा वर्षं ती बाई राबली ती पुलासाठी की त्याच्यासाठी? पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलं. सोमवारपर्यंत सांगतो म्हणालोय." तो थांबला. दाराच्या फटीतून त्याचा श्वास ऐकू येत होता. "तुम्हाला काय वाटतं?"

तिने दार उघडलं. तो अगदी समोर होता.

"त्याच्यासाठी," ती म्हणाली. "पूल काय, वाटेत आला म्हणून बांधला."