मागच्या खोलीतला राउटर

"ओ खांबावरचे! उतरले की इकडं या जरा!"

उर्वशी राठोडने अंगणातूनच हाळी दिली. खांबावरचा तरुण हसला आणि वरूनच म्हणाला, "मी तांड्याच्या नायकाच्या घरची लाइन जोडाले आलतो. तुमची तक्रार माझ्या लिस्टमधी नाही."

"आता झाली न. तोंडी."

मार्चचं ऊन होतं. तांड्यात घरोघरी हळद शिजत होती आणि सगळी हवा त्या ओलसर, उबदार वासाने भरली होती. तो शिडी खांद्यावर घेऊन आला. अमर पवार, उमरखेडच्या इंटरनेट ऑफिसातला लाइनमन. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मिशीवर घाम, आणि डोळे... उर्वशीने एका नजरेत सगळं पाहून घेतलं आणि काहीच न पाहिल्याचा चेहरा केला.

पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरून फोनवर काम करणार होती. आज चार वाजता चाचणी होती. मध्येच लाइन तुटली, तर सोमवारपासून पुण्यात ऑफिसात येऊन बसायचं किंवा नोकरी सोडायची, असं कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं. तिला दोन्ही नको होतं. मोडेम होता पुढच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या आणि भांड्यांच्या गोंगाटात. म्हणून तिने नांदेडहून स्वतःचा राउटर आणला, आढ्यावरून तीस फूट वायर ओढली आणि तो मागच्या शांत खोलीत ठेवला. सगळं झालं, पण राउटरचा लाल दिवा काही हटेना.

याडी, म्हणजे तिची आई जमनी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने पहिला प्रश्न तोच केला, जो ती प्रत्येक तरुण पोराला करायची. "आडनाव काय, बाप्पा?"

"पवार."

याडीचा चेहरा खुलला. राठोडांच्या घरी राठोड आला तर तो भाऊ. पवाराशी मात्र सोयरीक जमते. ती लगबगीने चहा ठेवायला गेली आणि उर्वशीच्या कानाच्या पाळ्या उगाचच गरम झाल्या.

अमर मागच्या खोलीच्या दारात थांबला. "आमची हद्द आमच्या मोडेमपर्यंत. पुढचा राउटर गिऱ्हाइकाचा. ऑफिसचा नियम हाय."

"मग तुमी हद्दीतच उभे राहा. तुमी सांगा, मी करते."

"वायर कुठं लावली?"

"मोडेमच्या पहिल्या पोर्टातून काढली, राउटरच्या निळ्या पोर्टात घातली. मले रंग ओळखता येते."

"येतच असन," तो तिच्या निळ्या ओढणीकडे बघत म्हणाला, आणि मग गडबडून राउटरकडे बघायला लागला. "बसताना वायर टक वाजली होती?"

"...टक?"

हद्द विसरून तो आत आला. वायर उपसली, मोबाइलचा उजेड पोर्टात मारला आणि खो-खो हसत सुटला. आत एक पिवळाजर्द तांदळाचा दाणा आडवा अडकला होता. नवी वस्तू घरात आली की पूजेशिवाय वापरायची नाही, हा याडीचा कायदा. तिने राउटरला हळद-कुंकू लावून वर मूठभर अक्षता टाकल्या होत्या, मनापासून.

"हसून काय राह्यले? काढा न!"

त्याने बटण बंद करून चिमट्याने अलगद दाणा काढला. वायर टक करून बसली, बटण चालू केल्यावर पोर्टाचा दिवा लागला. पण इंटरनेट? अजूनही नाहीच. घड्याळात सव्वातीन झाले होते. उर्वशीने वायर पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"घाबरू नका," अमर म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "मोडेमचा न् तुमच्या राउटरचा पत्ता एकच हाय. दोन घरांवर एकच नंबर, मग डाकिया गोंधळणारच. तुमच्या राउटरच्या पत्त्यातला तिसरा आकडा बदला. पाच करा."

"पाचच काहून?"

"मले आवडते."

"मले सात आवडते," म्हणत तिने लॅपटॉपवर सात टाकला.

मग दोन्ही बंद केले. आधी मोडेम सुरू करायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग राउटर. त्या दोन मिनिटांत तिला त्याच्या हाताला लागलेली हळद दिसत होती आणि त्याला फक्त उर्वशी दिसत होती. हिरवा दिवा लागला तेव्हा दोघांनाही थोडा उशिराच कळला.

चाचणी तासभर चालली. अमरचं काम केव्हाच संपलं होतं, तरी तो अंगणातल्या खाटेवर तिसरा चहा पीत बसला होता. ती धावत बाहेर आली. "झाली पास!" आणि तो असा उठला, जणू नोकरी त्यालाच लागली.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याचा मेसेज यायचा – 'दिवा हिरवा?' ती लिहायची – 'हिरवा.' मग हळूहळू दिव्याचं नाव निघेनासं झालं आणि बोलणं तासभर लांबू लागलं. तो तांड्यात उगाच वायरी तपासत फिरायचा, आणि ती कामातून डोकं वर काढून त्याच्या मोटारसायकलचा आवाज ओळखायची.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी तो शिडी घेऊन आला, पण खाटेवर बसला नाही.

"माझी बदली झाली. सोमवारपासून वणीले."

आपल्याला हा माणूस हवा आहे, हे उर्वशीला इतकं लख्ख कधीच कळलं नव्हतं. मग लाजत बसायचं कशाला?

"तिकडं खोली घेतली?"

"हो. राजूरच्या रस्त्यावर."

"कनेक्शन?"

"हाय. नुसता मोडेम." त्याने मान वर केली. "काहून?"

"राउटर मी आणते."

"उर्वशी... तुमचं काम?"

"जिथं माझा राउटर, तिथं माझं काम. मले तुमी आवडता, अमर. पण वायर घेऊन एकटी नाही येणार मी. आधी तुमच्या घरच्यांले इकडं पाठवा."

अमर त्या दिवशी शिडी तिथंच विसरून निघाला. शिडी न्यायला तो रविवारी आला, तेव्हा मोटारसायकलच्या मागून एक रिक्षा आली. तिच्यातून त्याचे आईवडील उतरले, आणि याडीने या वेळी आडनाव न विचारताच चहा ठेवला.