रॉयस टॅकेटचं नवं गाणं

नाचघराच्या लाकडी जमिनीवर म्हातारी व्लास्ता मक्याचं पीठ भुरभुरत होती, नाचताना बूट सरसर घसरावेत म्हणून. भिंतीलगतच्या बाकांखाली गोधड्या घालून आयांनी तान्ही मुलं निजवली होती. रविवारची दुपार. बाहेर पिकअप गाड्यांची रांग, आत बिअरचा आणि धुरावर भाजलेल्या मांसाचा वास. रॉयस गिटारची पेटी घेऊन दारात उभा राहिला. काहीतरी वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

नॅशव्हिलच्या बड्या संगीत कंपन्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. पण मध्य टेक्सासच्या या गावांत नवरानवरीचा पहिला नाच त्याच्या गाण्यावर व्हायचा आणि म्हाताऱ्यांच्या दफनालाही त्याचीच गाणी लागायची. मग गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. वर्षभर तोंडातून शब्द काढायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. आज पहिल्यांदा गायचं होतं. आवाज परत आला नाही, तर रॉयस टॅकेट म्हणून काय उरणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"आलास? ती टोपी बाहेर ठेव बाबा, गोठ्याचा वास मारतोय," व्लास्ता म्हणाली.

"वर्षानं येतोय, आणि हे स्वागत?"

"वर्षानं? अरे, गेल्याच महिन्यात गाऊन गेलास की! माझे जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, सगळे फस्त करून."

"गळा कापला होता माझा, व्लास्ता. वर्षभर मुका होतो."

"मग दर महिन्याला इथे येऊन गळा काढत होतं कोण? माझा मेलेला नवरा? तो तर बिचारा बेसूर होता."

ती हसत पीठ टाकत पुढे गेली. बिअरच्या बाटल्यांमागे भिंतीवर एक फोटो होता. मंचावर रॉयस, डोळे मिटलेले, आणि कॉलरच्या वर पांढरा व्रण. व्रण शस्त्रक्रियेचा, आणि त्यानंतर तो इथे आलाच नव्हता. त्यानं स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवलं. बोटाला गळा कळला, गळ्याला बोट कळलं नाही. तिथली कातडी अजून बधिरच होती.

मंचावर साथीला नाचघराचीच मंडळी होती. फिडलवाला डेल्बर्ट तारा पिळत बसला होता.

"नवं गाणं आहे. मनातच रचलंय, कुणाला ऐकवलं नाही. पट्टी सांगतो..."

"ठाऊक आहे," डेल्बर्ट म्हणाला, आणि त्यानं नेमक्या त्याच पट्टीत गज ओढला.

रॉयसनं तोंड उघडलं. आवाज आला. खरबरीत, खोल, त्याचाच.

*आटली गं नदी, राहिली वाळू,
वाट कुणाची नको सांभाळू.*

जोड्या गोल फिरू लागल्या, एकामागून एक, पाणचक्कीसारख्या. दुसऱ्या ओळीला सगळं नाचघर त्याच्याबरोबर गात होतं.

त्याचे हात वाजवत राहिले. पुढच्या ओळीत घोडा होता. त्यानं मुद्दाम, ऐन वेळेला, घोड्याचं खेचर केलं.

*मागल्या दारी खेचर उभं...*

सगळ्यांनी खेचरच म्हटलं. कुणी अडखळलं नाही. कुणी हसलंही नाही.

त्यानं तोंड मिटलं.

गाणं थांबलं नाही.

तोच आवाज स्पीकरमधून येत राहिला. त्यानं गळ्यावर तळवा दाबला. आत काहीच थरथरत नव्हतं. गिटार पट्ट्यासकट खांद्यावरून उतरवून त्यानं खुर्चीवर ठेवली. गिटारही वाजत राहिली. डेल्बर्टनं न पाहता कोपर जरा आत घेतलं, शेजारी कुणी उभं असलं की घेतात तसं.

तो मंचाच्या पायऱ्या उतरला. वळून पाहिलं नाही.

पीठ तुडवत जोड्या त्याच्याभोवतीनं गेल्या. व्लास्ता समोर आली, ॲप्रनला हात पुसत.

"एकटेच आलात? पहिल्यांदाच दिसताय," ती अदबीनं म्हणाली. "लाजू नका हो. या, एक फेरी माझ्याबरोबर मारा. आमच्या रॉयसच्या गाण्यावर पाय आपोआप पडतात."

तिनं त्याचा हात धरला. त्याला तो धरल्याचं फक्त दिसलं, जाणवलं नाही.

कडवं संपत आलं तसं मंचावरचा आवाज थांबला. शेवटची ओळ लोकांना गाऊ द्यायची, ही रॉयसची जुनी रीत. सगळ्या नाचघरानं ती ओळ उचलली. ती त्याला अजून सुचली नव्हती. तरी त्याचे ओठ इतरांबरोबर अचूक हलले.

"गा की मोठ्यानं," व्लास्ता त्याच्या कानाशी म्हणाली. "तुमचा आवाजच येत नाहीये."