चुलीचे तीन दगड

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीच मी पदरचं घातलेलं नाही.

मागच्या वर्षीची माघ अमावस्या. ढाणकीच्या पुढे, पैनगंगेकाठच्या जंगलाची कड.

यवतमाळचे अभिषेक आणि गौरी, नवराबायको, तंबूत एक रात्र राहायला आले होते. जीप उमरखेडच्या जमीरची. वाट दाखवायला मी. सत्तरी उलटलेली, दिवसभर चालून गुडघे सुजलेले.

संध्याकाळी चुलीला दगड हवे होते. नदी खाली, उतारावर. जवळ होती फक्त ती दगडांची रास.

तीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला, धरमसिंगला, तिथून वाघाने नेलं. हाती काहीच लागलं नाही. आमच्याकडे अशा जागी येणारा-जाणारा एक दगड टाकतो.

टाकतो. उचलत कोणी नाही.

मी तीन उचलले.

सकाळी परत ठेवीन, असं मनाशी म्हटलं. जमीरने विचारलं तर नदीतले आहेत म्हणून सांगितलं.

खिचडी खाऊन होते न होते तोच वानर खेकसलं. मग चितळ ओरडलं, अगदी जवळ.

गौरी घाबरली. जमीर हसला.

"खेमसिंग काकाले पाह्यलं त वाघ उपास धरंन. नुसती हाडंच हायेत."

तरी तंबू सोडून आम्ही चौघे जीपमध्ये बसलो. काचा वर, दारं आतून बंद. मी सगळ्यात मागच्या सीटवर आडवा झालो.

मग... सगळं थांबलं.

रातकिडेसुद्धा.

बाहेर दगडावर दगड ठेवल्यासारखा आवाज आला.

टक्...

थोड्या वेळाने पुन्हा.

टक्...

उठून बघायला हवं होतं. पण अंगात त्राण नव्हतं. तिसरा आवाज ऐकायच्या आत डोळा लागला.

उजाडलं तेव्हा मानेला ऊब लागत होती.

माझ्या उशाशी, सीटवर, तीन दगड होते. एकावर एक. काजळी लागलेले. अजून कोमट.

काचा वरच होत्या. दारं बंदच होती. बाकी तिघे झोपलेले.

बाहेर चुलीच्या जागी नुसती राख. जीपभोवती वाघाचे ठसे. त्यांच्या बाजूबाजूने माणसाची अनवाणी पावलं. डाव्या पायाला करंगळी नाही.

धरमची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीखाली गेली होती.

गौरी उठून ठशांचे फोटो काढू लागली. "काका, वाघासंगं हा मानूस कोन?"

चौकीदार असेल, म्हणालो.

तिन्ही दगड उचलून राशीवर ठेवले. हात जोडले.

"धरम्या, चुकलं रे. पाय चालत नव्हते."

ते तिघे परत गेले, मी घरी आलो. कोणाला काही झालं नाही. पुन्हा जंगलात गेलो नाही.

मागच्या सोमवारी सकाळी बाजेवरून उठलो. उशाशी एक दगड होता. काळा पडलेला. घरात सगळ्यांना विचारलं. कोणीच आणला नव्हता.

तो तिकडे नेऊन ठेवायला हवा. पण आता अंगणापर्यंतही चालवत नाही. दुसऱ्या कोणाला पाठवायची हिंमत होत नाही.

काल रात्री दुसरा आला.

कोमट होता.