खड्ड्याची चौथी बाजू

"तिथून सरका—"

दामिनीचं वाक्य पूर्ण होईपर्यंत उशीर झाला होता. कडेवरच्या तपकिरी बुटांखालची माती सुटली, आणि चार दिवस चाकूच्या टोकाने तिने जपून मोकळी केलेली खड्ड्याची भिंत थरांच्या चिठ्ठ्या, मोजपट्टी सगळं घेऊन तिच्या पायांवर कोसळली. मागोमाग बुटांचा मालकही घसरत आला आणि तिच्यासमोर गुडघाभर काळ्या मातीत उभा राहिला. हातात मोबाइल, चष्म्यावर धूळ.

"सॉरी," तो म्हणाला. "इकडून उजेड चांगला होता... फोटोले."

"चार बाजू आहेत खड्ड्याले. तीन मोकळ्या होत्या. तुमाले हीच काहून भेटली?"

माती तपासणाऱ्यांची एक रीत असते. खड्ड्याची जी भिंत पाहायची, तिच्या वरच्या कडेवर कुणी पाय ठेवत नाही. उपसलेली मातीही तिकडे टाकत नाहीत. हे शिकायला पहिला दिवस पुरतो.

"कोणत्या कॉलेजचे तुमी?"

त्याने चष्मा पुसला. पुसून आणखीच मळवला. "अमरावतीचा. ललित गावंडे. ग्रंथपाल आहे मी."

दामिनीची कानशिलं तापली. काळ्या मातीवरची आंतरराष्ट्रीय परिषद पुढच्या वर्षी वऱ्हाडात भरणार होती. अकोल्यात की अमरावतीत, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि ते ठरवणारे तीन परदेशी पाहुणे उद्या सकाळी अकोल्याबाहेरच्या याच शेतात येणार होते. अकोल्याचा प्रस्ताव तिने स्वतः लिहिला होता; अमरावतीचा कुणा ग्रंथपालाने फार देखणा लिहिलाय, हे तिच्या कानावर आलं होतं.

"म्हणजे पाडायलेच आले."

"पाहायले आलो होतो. मातीवर चाळीस पानं लिहिली मी, मॅडम. माती अशी कधी पाहिलीच नव्हती. मग वाटलं..."

"की जाऊन उभं राहावं तिच्यावर."

खड्डा खणणारे नत्थुजी पलीकडच्या कडेला, म्हणजे जिथे बसायचं तिथेच, तंबाखू मळत बसले होते. "ताई, भांडन मंग करा. फूटभर मांगं कापली तं नवी भिंत भेटते. माती वाहाले मानूस पायजे फक्त." त्यांनी ललितकडे पाहिलं. "हा उभाच हाये."

ललितने बाह्या सारल्या. ऊन कलेपर्यंत तो घमेली उचलत राहिला. नत्थुजी कापत होते, दामिनी चाकूने भिंत मोकळी करत होती, आणि बोलत होती. राग आला की तिला थांबता येत नसे.

"परदेशातल्या परिषदेत दोनदा पेपर निवडला माझा. दोन्ही वेळा व्हिसा नाकारला. एकदा सरांनी वाचला, एकदा तं कोणीच नाही वाचला. या वेळी जगानं इथं यावं, अन् मी, मी स्वतः, माझ्या मातीत उभं राहून बोलावं... एवढंच होतं. त्याच्यावर तुमी पाय ठेवला."

ललितने घमेलं खाली ठेवलं. "हे प्रस्तावात लिहिलं काय तुमी?"

"असं लिहितात काय कोणी?"

"मी लिहिलं असतं."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. नाकावर मातीचा पट्टा, तळहातांना फोड. आपण पाहतोय हे लक्षात आल्यावर तिला पुन्हा राग आला.

"हात इकडे करा."

तिने एक ढेकूळ पाण्यात भिजवलं, मळलं आणि तर्जनीवरून अंगठ्याने हळूहळू पुढे सारत राहिली. मातीची फीत लांबत गेली... लांबतच गेली. न तुटलेली ती ओली फीत तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

"जितकी चिकण माती, तितकी लांब फीत. आता निदान खोटं तं लिहू नका."

तो मूठ न मिटता तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांतल्या एका बाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही कालच कापलेली दिसते, असं का? दामिनी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून ललित इंग्रजीत म्हणाला, "आधीची मी पाडली. मी अमरावतीचा." पाहुण्यांना पुढे अमरावतीला न्यायला आलेले त्याचे प्राचार्य त्याच्याकडे बघतच राहिले.

गाडीजवळ दामिनीने त्याला गाठलं. "कोण म्हणलं होतं सांगाले? मले उपकार नको."

"उपकार नाही. पाडली तं मीच."

"मग इतकं शांतपणे काहून सांगता?"

प्राचार्यांनी गाडीतून हाक मारली, तसा तो निघाला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अमरावती. तिथे राहायला खोल्या जास्त होत्या, आणि पाहुण्यांच्या सहलीला चिखलदरा जवळ. अकोल्याच्या मातीबद्दल दोन ओळी कौतुकाच्या होत्या, त्या तिने वाचल्याच नाहीत. बस पकडून ती थेट त्याच्या ग्रंथालयात गेली. 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि तिच्या खालीच तो बसला होता.

"चिखलदऱ्याची कॉफी पिऊन माती समजते काय?" ती कुजबुजली. कुजबुजत भांडायची तिला सवय नव्हती.

"जरा हळू..."

"हळूच बोलून राहिली मी."

त्याने एक कागद पुढे सरकवला. परिषदेचा कार्यक्रम. पहिला दिवस, सगळे प्रतिनिधी बसने अकोल्याला. खड्ड्याच्या काठी व्याख्यान: डॉ. दामिनी तायडे.

तिने तो दोनदा वाचला.

"समितीले तीनदा लिहिलं. काल हो म्हणाले. प्राचार्य बोलून नाही राहिले माझ्याशी."

"मले न विचारता?"

"विचारायले येणारच होतो. पण तुमी रागावल्या असत्या."

"मग आता काय करून राहिली?"

"रागावूनच राहिल्या." तो टेबलाकडे बघत म्हणाला, "तीन आठवडे कोणी रागावलं नाही मले. करमतच नव्हतं... खरंच नव्हतं करमत."

दामिनीने नजर वळवली. अर्धवट उघड्या खणात, पुस्तकांच्या कार्डांमध्ये, एका कोऱ्या कार्डावर मातीची फीत ठेवलेली होती. वाळून तिचे तीन तुकडे झाले होते. खाली त्याच्या अक्षरात तारीख.

"वाळवली तुमी." आवाज कुजबुजीच्या बाहेर गेला. दोन वाचकांनी माना वर केल्या. "अशी ठेवतात काय?"

तिने पर्समधून बाटली काढली, तुकडे तळहातावर घेऊन त्यांवर पाणी सोडलं आणि मळत राहिली. कार्डावर, टेबलावर काळे थेंब पडले. माती पुन्हा मऊ झाली.

"हात."

त्याने हात पुढे केला. तिने फीत त्यावर ठेवली. या वेळी हात मागे घेतला नाही.

"इथं पाणी आणायले बंदी आहे," तो म्हणाला, अगदी हळू.

"मग हाकला मले," ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.