साखरा विरुद्ध साखर कारखाना

"कपिलधार! कपिलधार! चला, दोनच सीट!"

मांजरसुंब्याच्या चौकात पांढरा शर्ट, काळी पॅन्ट घातलेला एक तरणा माणूस जीपच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. मी धापा टाकत पोहोचले, बॅग त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाले, "वर नीट बांधा. आत पुस्तकं हायेत."

त्यानं एकदा बॅगेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग टपावर चढला, दोरीनं बॅग करकचून बांधली, खाली उतरला आणि… सरळ माझ्या शेजारी येऊन बसला!

"अहो, मग गाडी कोण चालवणार?"

"ड्रायव्हर." त्यानं पुढं बोट केलं; विडी विझवत एक म्हातारबुवा स्टिअरिंगमागं चढून बसले. "हे गाडी भरल्याशिवाय हलवत न्हाई म्हणले, म्हणून मीच ओरडत होतो. मला शिबिराला उशीर व्हायलाय." मग हळूच म्हणाला, "वकिलांच्या."

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मी पण… तिकडंच चाललेय."

"बॅग उचलली तवाच ओळखलं. एवढं वजन फक्त कायद्यालाच असतं."

तो हसला तसा मी चेहरा खिडकीकडं वळवला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष; डोंगर पार उघडे पडलेले. तरी मी बघत राहिले… कारण मलाही हसू फुटत होतं.

नव्या वकिलांसाठी जिल्ह्यातल्या ज्येष्ठांनी कपिलधारच्या भक्तनिवासात शिबिर ठेवलं होतं. मला सनद मिळून काही महिनेच झालेले. कोर्टात उभी राहिले होते, पण फक्त पुढची तारीख मागायला. न्यायाधीशांसमोर एक पूर्ण वाक्य म्हणून बोलले नव्हते. आमच्या घराण्यात मेंढरांमागं हिंडणं सोडून दुसरं काही केलेली मी पहिलीच. शिबिरात जमलं नाही तर गावाकडं परत, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

ओळखीच्या वेळी मी उठून म्हणाले, "साखरा सिदू देवकते." आजीचं नाव मला ठेवलेलं.

मग अभिरूप न्यायालयासाठी, म्हणजे सरावाच्या खटल्यासाठी, चिठ्ठ्या निघाल्या. खटला असा : तलावातलं उरलंसुरलं पाणी सहकारी साखर कारखान्याला द्यायचं, की गावांना पिण्यासाठी राखायचं? गावांची बाजू माझ्याकडं आली. आणि कारखान्याची…

"उत्तरेश्वर घुगे," जीपमधला तो उठला. "साहेब, हरकत हाय. साखर आमच्या विरोधात गेली, तर कारखान्यानं बनवायचं तरी काय?"

सगळा हॉल हसला. मी लालबुंद!

दुपारी व्हरांड्यात मुद्दे काढत बसले होते. टँकरचं पाणी, त्यामुळं ते जपून वाटलं जायचं. उत्तरेश्वर आपल्या वाट्याचा तांब्या घेऊन आला.

"घ्या. ओठ सुकलेत तुमचे."

"विरोधी वकिलाकडून काही घेत नसतात."

"पाण्यावरूनच तर खटला हाय. अर्धं घ्या… तडजोड म्हणून."

मी घेतलं. तांब्या परत देताना बोटं बोटांना लागली. पुढं किती तरी वेळ मी एकच मुद्दा पुन्हा पुन्हा लिहीत होते!

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाच्या खुर्चीत सुंदरराव वकील बसले. जिल्ह्यात त्यांचा दरारा. ज्युनिअर म्हणून ते सहसा कुणालाच घेत नसत. आधी उत्तरेश्वर बोलला. आवाज शांत, पण आतून पेटलेला.

"माझे आईवडील दर साल कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातात. आपल्या भागातला कारखाना बंद पडला, तर गावात राहिलेली माणसंबी जातील. पाणी म्हंजे नुसतं पिणं न्हाई, साहेब. पाणी म्हंजे आपल्या घरात राहता येणं."

आता मी. उठले, आणि पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. "मेहेरबान कोर्टानं… कोर्टाला… आमी…"

मागं कुणीतरी खुसखुसलं. मग डोळ्यांसमोर आमची मेंढरं आली, कोरड्या तलावाची भेगाळलेली माती चाटणारी. आणि मी घरी बोलते तशी बोलत सुटले.

"आमी मेंढरं राखतो, साहेब. यांचं म्हणणं खरं हाय. पण कारखाना यंदा बंद राहिला, तर पाऊस पडल्यावर पुन्हा चालू करता येतो. तहानेनं मेलेलं जित्राब पाऊस पडला म्हणून उठून उभं राहत न्हाई. माणूसबी न्हाई."

सुंदररावांनी चष्मा खाली घेतला. "घुगे, यावर उत्तर?"

तो उभा राहिला. माझ्याकडं बघितलं… बघतच राहिला.

"न्हाई, साहेब."

"नाव उत्तरेश्वर, आणि उत्तर न्हाई?" सुंदरराव म्हणाले, आणि हॉल हसून हसून लोटपोट झाला. निकाल माझ्या बाजूनं लागला. सुंदररावांनी मला जवळ बोलावलं. "आमच्याकडं अशीच एक खरी केस हाय, गावांच्या बाजूनं, पोरी. सोमवारपासून माझ्या ऑफिसात ये."

मला नाचावंसं वाटत होतं, पण मनात एक काटा रुतला होता. दिवस कलताना तो कपिलधारच्या धबधब्याकडं गेलेला दिसला. मी तडक मागं गेले. धबधबा कसला! काळ्या कड्यावरून नुसती ओल झिरपत होती.

"मुद्दाम हरलात?"

"न्हाई."

"खरं बोला. दया म्हणून मिळालेला निकाल मला नको."

तो दचकला. "दया? साखराबाई, उत्तर तयार होतं माझ्याकडं. पण तुमी बोलायला लागला, आन् मी ऐकतच बसलो. साहेबांनी विचारलं तवा… पार कोरा झालतो."

"मग आता सांगा."

"कारखान्यानं वापरलेलं पाणी साफ करून शेताला सोडता येतं. वाया जात न्हाई."

"शेताला सोडाल. हंड्यात भरता येतं का ते?"

तो मोठ्यानं हसला. "हरलो. आता खरोखर हरलो."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. तेवढ्यात तो गंभीर झाला. "सुंदररावांच्या त्या खऱ्या केसमध्ये समोरची बाजू आमच्या सरांकडं हाय. मी त्यांचा ज्युनिअर. सोमवारपासून मी तुमच्या समोर असणार… सोडू का ती केस?"

"कावून? कशाला सोडायची?" मी उसळले. "नीट भांडा. तुमच्या आईबापाची बाजू खोटी हाय का? फक्त माझ्याकडं बघत बसलात, तर कोर्टाला सांगीन!"

"आन् कोर्टाच्या बाहेर बघितलं तर?"

वारा पडला होता. कड्यावरची ओल उन्हात चमकत होती. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"बाहेर… बघा की."

"घरी येऊ तुमच्या? तुमच्या वडलांना भेटायला. भीत भीत का व्हईना, पण सरळ विचारायला."

"या. मेंढरं मेंढवाड्याला परत येतात तवा या, आबा निवांत असतात." मी हसू दाबलं. "पण काळा कोट घालून येऊ नका. आमची मेंढरं लई बुजतात."

"आन् तुमी?"

"मी न्हाई बुजत," मी म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला.