दमलेल्या घोड्यांचा बंगला

"घोड्यांच्या डोणीतलं पाणी चालंल का, डायवर? गाडी तुमची घोडाच हाय म्हणून इचारते."

खालापूरच्या रस्त्यावर एका जुन्या बंगल्यासमोर भर उन्हात बस धापा टाकत थांबली होती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीवर लोखंडी भट्टी बसवली होती. भट्टीत कोळसा जळायचा आणि त्याच्या वायूवर बस चालायची... म्हणजे कशीबशी. ड्रायव्हर वाल्मिक खाली उतरला. तोंड सगळं काजळीने माखलेलं. डोळे तेवढे हसरे.

"चालंल की," तो हंडा घेऊन उभ्या असलेल्या सुंदराला म्हणाला. "पण आधी मला दे. घोडा थांबंल."

तेव्हापासून भट्टीतली राख काढायला बस रोज तिथेच थांबू लागली. बंगल्याचा राखणदार धाकलू, म्हणजे सुंदराचा बाप, उतारूंना चहा द्यायचा. सुंदरा पाणी आणायची – आणि ते नेमकं भट्टीपाशीच लागायचं.

"एवढा बंगला हितं रानात कुणी बांदला गं?" वाल्मिकने एकदा विचारलं.

"विंग्रज सायबानं. आगगाडी नव्हती तवा लोक घोडागाडीनं पुण्याला जायचे. घाट चढायच्या आधी दमलेली घोडी हितं सोडायची, ताजी जुंपायची. तोवर गोरी माणसं पडवीत जेवायची. माझा पणजा घोडी धरायचा."

"मग?"

"मग आगगाडी घाट चढली. ती कशाला दमती?" सुंदराने हंडा खाली ठेवला. "हितं जो थांबला तो जनावर दमलं म्हणून. बंगल्यासाठी कोण थांबलं नाय."

"आन् बंगल्यातल्या माणसासाठी?"

"भट्टी इझली तुमची."

विझली नव्हती. पण तो गडबडून वळला, आणि तिने पदराआड हसून घेतलं.

लढाई संपली. एक दिवस वाल्मिक तीच राख पुन्हा पुन्हा उकरत होता. शेवटी म्हणाला, "सोमवारपासनं पेट्रोल मिळनार."

"बरं झालं. आता थांबायला नको."

"सुंदरा, मी—"

"जावा. लोक खोळंबलेत."

सोमवारी तिने केसांत अबोली माळली. कशाला, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. धुतलेली, भट्टी काढलेली बस आली... आणि वेग जराही कमी न करता निघून गेली. वाल्मिकने मान वळवली नाही.

"कपांवर धूळ बसली गं पोरी," धाकलू हळूच म्हणाला.

तिने कप धुतले. धुतलेलेच पुन्हा धुतले.

दुपार कलली तेव्हा खोपोलीकडून कुणीतरी चालत आलं. गोरासा, लाजरा चेहरा. आधी तिने ओळखलंच नाही. काजळी नसलेलं वाल्मिकचं तोंड ती पहिल्यांदाच बघत होती.

"गाडी कुठं हाय?"

"खोपोलीला. मालकानं तंबी दिली, मधी थांबलास तर नोकरी गेली. म्हणून हिकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर पाय ब्रेकवर गेला असता."

"एवढं चालत आला? बसा. पाणी देते."

"नको."

"मग भाकर—"

"भूक नाय. तहान नाय. दमलोबी नाय." तो उभाच राहिला. "तरी थांबलोय, सुंदरा. तुझ्या बाला इचारायचं हाय. पन आधी तुला..."

तिने केसांतली अबोली चाचपली. मग तिने आतल्या बाजूला हाक दिली.

"बा, भायेर ये रं... आपल्याकडं कोनतरी थांबाया आलंय."